पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही

आज आपण एका छोट्याशा कागदाचा इतिहास ऐकणार आहोत. त्या कागदावर फार काही नसतं. एक शिक्का, एक तारीख, एक नंबर आणि कुणाची तरी सही. त्याला पोच म्हणतात.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो.

आमच्या गटातल्या एका ताईची धाकटी बहीण लग्न होऊन शहरात गेली. लोकलच्या रस्त्यावरचं मोठं शहर, महापालिका असलेलं. नवरा गोदामात हमाली करायचा. तो वारला. पालिकेचा मृत्यूचा दाखला मिळाला, पण दाखल्यावर नाव चुकलं. आधार कार्डावर एक, दाखल्यावर दुसरं. एका अक्षराचा फरक. बँकेने सांगितलं, नाव जुळत नाही, पैसे देता येणार नाहीत. खात्यातले पैसे अडकले, विम्याचेही अडकले.

बहीण दुरुस्तीचा अर्ज घेऊन पालिकेत गेली. खिडकीवरच्या माणसाने कागद घेतले आणि म्हणाला, "ठेवून जा, आठ दिवसांनी या." आठ दिवसांनी गेली तर साहेब मीटिंगला. पुढच्या खेपेला संगणक बंद. त्याच्या पुढच्या खेपेला "सोमवारी या." चार घरची धुणीभांडी करणारी बाई. प्रत्येक फेरीला एक खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाचव्या खेपेला खिडकीवर दुसराच माणूस बसलेला. त्याने विचारलं, "अर्ज कधी दिला होता? पोच दाखवा." पोच कुणी दिलीच नव्हती. "मग तुमचा अर्ज आलेलाच नाही."

त्या आठवड्यात ताईने बैठकीत हे सगळं सांगितलं आणि बहिणीसाठी गटातून कर्ज मागितलं. खोलीचं भाडं तीन महिन्यांचं थकलं होतं. कर्ज आम्ही दिलं. पण बैठक संपेना. आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी म्हणाली, "गटात वीस रुपये भरले तरी तुम्ही वहीत सही घेता. मग सरकारच्या खिडकीत आयुष्याचे कागद नुसते ठेवून कसे येता?"

आजीचा प्रश्न आम्ही घरी घेऊन गेलो. तालुक्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणली, कायद्याच्या पुस्तिका वाचल्या, जुन्या कार्यकर्त्यांना विचारलं. तेव्हा कळलं की शहरातल्या साध्या माणसाला पालिकेच्या दारात उभं राहून "माझं काम करा" म्हणता यावं, यासाठी दीडशे वर्षं भांडण चाललेलं आहे. आणि त्या भांडणात हंडा घेतलेल्या बाया पुढे होत्या.

नळ आला, पण विचारायचा हक्क कुणाला?

सुरुवात पाण्यापासून करू. पालिकेकडे माणूस सगळ्यात आधी मागतो ते पाणी.

जुन्या मुंबईला विहिरींचं आणि तळ्यांचं पाणी होतं. ते पुरेना, म्हणून इंग्रज सरकारने विहार तलाव बांधला आणि १८६० साली मुंबईत नळाचं पाणी आलं. मग १८७९ साली तुळशी. मग १८९२ साली तानसा. तानसा म्हटल्यावर आमच्या भागातल्या बायांनी कान टवकारले असतील. होय, आपल्या शहापूर तालुक्यातला तानसा. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ आपल्या डोंगरातलं पाणी मुंबईला चाललं आहे. पुढे वैतरणा, भातसा हेही त्याच वाटेने गेले. या गोष्टीकडे आपण शेवटी परत येऊ.

पाणी आलं, पण ते नीट येत नसेल तर विचारायचं कुणी? १८७२ साली मुंबईच्या महापालिकेचा कायदा झाला. चौसष्ट सभासद ठरले. त्यातले निम्मे लोकांनी निवडून द्यायचे. पण लोक म्हणजे कोण? तर कर भरणारे. ज्याच्या नावावर मालमत्ता, त्याचं मत. गिरणीत राबणारा, चाळीत एका खोलीत दहा जणांबरोबर झोपणारा माणूस भाडं भरायचा, कर भरायचा नाही. म्हणजे तो शहरात राहायचा, शहर चालवायचा, पण शहराच्या हिशेबात तो नव्हता. १८८८ साली नवा कायदा आला. मुंबई महापालिका आजही त्याच कायद्याने चालते, पुष्कळ दुरुस्त्या होऊन. १९२३ साली सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले महापालिकेवर निवडून गेल्या, तेव्हा बायकांचा आवाज सभागृहात पोचला. पण सगळ्या प्रौढ माणसांना महापालिकेच्या निवडणुकीत मत मिळायला स्वातंत्र्य यावं लागलं.

म्हणजे पहिली ऐंशी-नव्वद वर्षं अशी गेली की गरिबाने पालिकेकडे काही मागितलं तर ती विनवणी असायची. मिळालं तर उपकार, नाही मिळालं तर नशीब.

महाडचा ठराव

आता मुंबई सोडून कोकणात, महाडला जाऊ. मतापेक्षाही आधीची एक गोष्ट तिथे कळते. कागदावर मिळालेला हक्क आणि हातात मिळालेलं पाणी यांत किती अंतर असतं, ते महाडने दाखवलं.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी एक ठराव मांडला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा सांभाळलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांनाही खुले असावेत, असा तो ठराव. तो मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलाही ठराव केला की चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे. कागद झाला. शिक्का बसला. पण तळ्यावर एकाही दलिताला जाता येईना. गावातल्या वरच्या जातींची तशी दहशत होती. ठराव नगरपालिकेच्या दप्तरात आणि पाणी तळ्यात, मधे माणूस तहानलेला.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायलं. त्यांनी नवीन काही मागितलं नव्हतं. नगरपालिकेने जे लिहून दिलं होतं, तेच ते घ्यायला गेले होते. त्याबद्दल लोकांना मार खावा लागला, तळ्याचं "शुद्धीकरण" केलं गेलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. मग प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल लागला १९३७ साली, लोकांच्या बाजूने. एका सार्वजनिक तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं.

आम्ही हे गटात वाचलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ठराव झाला की काम झालं असं समजायचं नाही." बरोबर. आपल्या ग्रामसभेतही आपण हे पाहतो. ठराव वहीत असतो आणि पाड्यावर अंधार असतो.

गोरेगाव नावाचं एक गाव

तिसरी गोष्ट मृणाल गोरे यांची. आमच्या वयाच्या बायांनी नाव ऐकलं असेल, नव्या मुलींना माहीत नसेल.

मुंबईचं गोरेगाव आज एवढं मोठं उपनगर आहे की तिथे कधी ग्रामपंचायत होती हे खरं वाटत नाही. पण होती. मुंबईची हद्द दोनदा वाढली, १९५० साली आणि १९५७ साली. दुसऱ्या वेळी ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि गोरेगाव महापालिकेत आलं. गाव शहर झालं, पण नळ काही लगेच आले नाहीत. कारखाने आले, माणसं आली, झोपड्या वाढल्या, आणि पाण्याच्या रांगा वाढल्या. शहराची वेस आपल्या गावावरून गेली की काय होतं, हे मुंबईजवळच्या गावांना वेगळं सांगायला नको.

मृणालताई डॉक्टरकीचं शिक्षण सोडून समाजकामात आलेल्या. राष्ट्र सेवा दलात वाढल्या. गोरेगावातल्या बायांमध्ये काम करता करता त्या राजकारणात आल्या. त्यांचे पती केशव गोरे १९५८ साली वारले. मुलगी लहान होती. १९६१ साली ताई मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. तिथे त्यांनी पाण्याचा प्रश्न धरला तो सोडला नाही. रिकामे हंडे घेऊन बाया मोर्च्याने जायच्या आणि आत सभागृहात ताई विचारायच्या. लोकांनी त्यांचं नावच ठेवलं, पाणीवाली बाई.

१९७२ च्या दुष्काळाच्या दिवसांत महागाईने कळस गाठला. तेल, साखर, रॉकेल मिळेना. तेव्हा मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बाया एकत्र आल्या आणि लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चा तो हाच. आणीबाणीत मृणालताई तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा मुंबईत लोक म्हणत, "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात." २०१२ साली ताई गेल्या.

या गोष्टीतून आमच्या गटाने काय घेतलं? बाई एकटी खिडकीवर गेली की तिला "सोमवारी या" म्हणता येतं. पन्नास बाया हंडे घेऊन गेल्या की म्हणता येत नाही. पण मोर्चा रोज काढता येत नाही, हेही खरं. मजुरी बुडते, मुलं घरी असतात. शिवाय सगळीकडे मृणालताई नसतात. ज्या वॉर्डात मोठा माणूस आहे तिथे काम होतं, जिथे नाही तिथे होत नाही, असं असेल तर तो हक्क नव्हे. मोर्चाचा जोर रोजच्या साध्या अर्जात कसा आणायचा, हा पुढच्या काळाचा प्रश्न होता.

ज्यांना अर्जच करता येत नव्हता

त्याआधी आणखी एका प्रकारची माणसं पाहू. ज्यांचा अर्जच खिडकीत घेत नाहीत, अशी.

मुंबईत झोपडपट्टीला अमुक तारखेच्या आधीची आणि अमुक तारखेच्या नंतरची असा भेद केलेला होता. नंतरच्या झोपडीला पाण्याचं कनेक्शन मागता येत नसे. तिथे राहणाऱ्यांत गावाकडून पोट भरायला गेलेली पुष्कळ माणसं. कुणी मराठवाड्याचं, कुणी विदर्भाचं, कुणी उत्तर प्रदेशचं. ती तहानेने मरत नव्हती. पाणी विकत घेत होती, पिंपाच्या भावाने. ज्याच्या घरी नळ आहे त्याला पाणी स्वस्त, आणि ज्याच्याकडे काही नाही त्याला महाग.

पाणी हक्क समितीने हे उच्च न्यायालयात नेलं. १५ डिसेंबर २०१४ ला निकाल आला. न्यायालय म्हणालं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदेशीर असेल, पण म्हणून त्यातल्या माणसाचं पाणी तोडता येणार नाही. हवं तर दर जास्त लावा, पण पाणी द्यायचं धोरण करा. धोरण यायलाही वेळ लागला, आणि सर्वांसाठी पाणी असं धोरण मुंबई महापालिकेने २०२२ साली आणलं. महाडचा धडा आठवा. धोरण म्हणजे पाणी नव्हे. पण आता तिथली बाई अर्ज हातात घेऊन उभी राहू शकते, आणि तो घेणार नाही असं तिला म्हणणं अवघड झालं आहे.

कागदाला दात कसे आले

आता परत पोचेकडे.

१९९० नंतर राजस्थानात मजुरांनी एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली. आम्ही दुष्काळी कामावर राबलो, मजुरी पूर्ण मिळाली नाही, मग सरकारी कागदावर काय लिहिलं आहे ते दाखवा. अरुणा रॉय आणि त्यांचे साथीदार यांनी १९९० साली मजदूर किसान शक्ती संघटना उभी केली. १९९४ साली कोटकिराना गावात त्यांनी जनसुनवाई घेतली. गावासमोर बिलं आणि हजेरीपट मोठ्याने वाचले. जे कामाला आलेच नाहीत त्यांची नावं मजुरीच्या यादीत निघाली. १९९६ साली ब्यावर शहरात चाळीस दिवस धरणं झालं. "हमारा पैसा, हमारा हिसाब" ही त्यांची घोषणा. धरण्यावर गावच्या बाया बसल्या होत्या आणि शहरातल्या भाजीवाल्यांनी, दुकानदारांनी त्यांना खायला दिलं. ही लढाई गाव आणि शहर दोघांची होती.

आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाला तो मिळाला. दहा रुपयांचा अर्ज, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेवढेही नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर. माझ्या अर्जाचं काय झालं, तो आज कुणाच्या टेबलावर आहे, किती दिवस आहे, हे विचारता येऊ लागलं. खिडकीवरचा माणूस आता "माहीत नाही" असं लेखी देऊन सुटू शकत नाही.

त्याच वर्षी महाराष्ट्राने आणखी एक कायदा केला. बदल्यांचं नियमन आणि कामातल्या विलंबाला प्रतिबंध, असं त्याचं लांब नाव. लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. २००६ पासून तो लागू आहे. त्यात लिहिलं आहे की कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. आणि प्रत्येक कचेरीने नागरिकांची सनद लावायची. म्हणजे कुठलं काम, कोण करणार, किती दिवसांत, हे फळ्यावर लिहायचं. आपण कचेरीत जातो तेव्हा भिंतीवर तो फळा असतो. कधी कपाटामागे असतो, कधी त्यावर निवडणुकीचं पोस्टर असतं, पण असतो. पुढच्या वेळी वाचून या.

आणि मग २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा आला. २८ एप्रिल हा त्याचा दिवस. मध्य प्रदेशाने असा कायदा आपल्या आधी, २०१० साली केला होता. हा कायदा नीट ऐका, कारण पोच इथे कायद्यात आली.

सरकारने काही सेवांची यादी जाहीर केली आहे. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, रहिवासी, उत्पन्न, शहरात नळजोडणी, अशा पुष्कळ. त्या यादीतल्या प्रत्येक सेवेला मुदत आहे आणि ती देणारा अधिकारी ठरलेला आहे. त्याला पदनिर्देशित अधिकारी म्हणतात. तुम्ही अर्ज दिला की तुम्हाला पोच मिळालीच पाहिजे. पोचेवर तारीख हवी, अर्जाचा नंबर हवा आणि किती दिवसांत काम होईल ती मुदत हवी. काम नाकारलं तर कारण लेखी द्यायचं.

मुदत उलटली किंवा काम नाकारलं, तर तीस दिवसांच्या आत त्याच कचेरीतल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करायचं. तिथे समाधान झालं नाही तर आणखी वरच्या अधिकाऱ्याकडे दुसरं. त्यानंतर तिसरं, राज्याच्या सेवा हक्क आयोगाकडे. कारण नसताना उशीर केला असेल तर अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड होतो. रक्कम मोठी नाही. पण तो त्याच्या खिशातून जातो, आणि त्याच्या नावावर नोंद राहते.

आता यातली मेख पाहा. अपिलाचे दिवस कधीपासून मोजायचे? पोचेवरच्या तारखेपासून पुढची मुदत. पोच नसेल तर तारीख नाही. तारीख नसेल तर मुदत सुरूच झाली नाही. मुदत नसेल तर अपील नाही, आणि दंडही नाही. दीडशे वर्षांत जे जे मिळालं, मत, ठराव, निकाल, कायदे, ते सगळं त्या एका छोट्या कागदाला टांगलेलं आहे. म्हणूनच खिडकीवर पोच सहज मिळत नाही. "ठेवून जा" या दोन शब्दांत सगळा इतिहास मागे ढकलता येतो.

ताईची बहीण

मग आम्ही काय केलं?

गटातल्या दोघी जणी बहिणीबरोबर शहरात गेल्या. अर्जाच्या दोन प्रती, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स, खाली "सोबत जोडलेली कागदपत्रं" अशी यादी. मूळ कागद फक्त दाखवायचे, द्यायचे नाहीत. खिडकीवर परत तेच, "ठेवून जा." आमच्यातली एक म्हणाली, "भाऊ, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्या, आम्ही थांबतो." तो म्हणाला, शिक्का इथे नसतो. मग कुठे असतो ते विचारलं. आवक-जावक विभागात असतो, वरच्या मजल्यावर. काही कचेऱ्यांत त्याला बारनिशी म्हणतात. वर गेल्या. पाऊण तास उभ्या राहिल्या. शिक्का मिळाला, आवक क्रमांक मिळाला, तारीख मिळाली. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही.

मुदत संपली तरी दुरुस्ती झाली नव्हती. पहिलं अपील लिहिलं, एका पानाचं, साध्या मराठीत. अपिलाची सुनावणी व्हायच्या आधीच फोन आला की दाखला घेऊन जा.

गोड शेवट म्हणून आम्ही हे सांगत नाही. बँकेचे पैसे मिळाले, पण तोवर त्या बाईने खोली सोडली होती. मोठ्या मुलाची शाळा सुटली, तो आता एका गॅरेजमध्ये जातो. पहिल्या खेपेला पोच मिळाली असती तर कदाचित हे टळलं असतं. एका शिक्क्याची किंमत एवढी असते.

आणखी एक गोष्ट खरी सांगायला हवी. आता पुष्कळ अर्ज ऑनलाइन होतात, आपले सरकारच्या पोर्टलवर किंवा सेवा केंद्रातून. तिथे पोच आपोआप निघते, नंबरासकट. ही सोय चांगली आहे. पण फोन नवऱ्याचा असतो, ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि पावती केंद्रवाल्याकडे राहते. मग परत आपल्या हातात काही नाही. म्हणून केंद्रात गेलात तर छापील पावती मागा, आणि ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे घेतले तर त्याचीही पावती मागा.

आमच्या गटाने आता बचतीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली आहे. कुणीही कुठल्याही कचेरीत अर्ज दिला, गावात, तालुक्याला किंवा शहरात राहणाऱ्या लेकीने तिकडे दिला, तरी त्या वहीत लिहायचं. अर्ज कशाचा, दिला कधी, नंबर काय, मुदत कधी संपते. दर बैठकीत हप्ते मोजून झाले की ती वही वाचायची. मुदत संपली असेल त्या बाईला विचारायचं, "अपील लिहायचं का?" आणि एकटीने जायचं नाही. दोघींनी जायचं.

आणि आता तानसा. सुरुवातीला म्हटलं होतं की परत येऊ. शहरातल्या बायांनी पाणी मागितलं, त्यांनी मागायलाच हवं होतं, त्यांचा आम्हाला राग नाही. त्यातल्या पुष्कळ आपल्याच बहिणी आहेत. पण ज्या डोंगरातून ते पाणी जातं, त्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाची भिंत दिसते आणि हंडा रिकामा असतो. आमच्या पाड्याच्या नळयोजनेचा ठराव ग्रामसभेच्या वहीत आहे. महाडच्या ठरावासारखा, वहीतच आहे.

म्हणून या महिन्यात आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला. योजना मंजूर कधी झाली, पैसे किती आले, काम कुठवर झालं, ठेकेदार कोण, एवढंच विचारलं. दोन प्रती नेल्या होत्या. एकीवर शिक्का घेतला. आजीने तो स्वतःच्या हाताने वहीत चिकटवला आणि खाली अंगठा उमटवला, साक्षीदार म्हणून.

तीस दिवसांतले अकरा झाले आहेत. उत्तर आलं की याच रेडिओवर वाचून दाखवू. नाही आलं, तर अपील कसं लिहायचं ते वाचून दाखवू. तोपर्यंत तुमच्या गटात एक वही आणा, पहिल्या पानावर तारीख घाला, आणि ज्या बायांचे अर्ज कुठे ना कुठे "ठेवलेले" आहेत त्यांची नावं लिहायला सुरुवात करा.